गुडघ्याच्या उंचीवरून

शाळेचे स्नेहसंमेलन, सहल, पंधरा ऑगस्ट, निरोपसमारंभ अशा सगळ्या प्रसंगी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरण्याची सवय मला तीस वर्षांची आहे. सुरुवातीला रशियन बनावटीचा झेनिट होता. तो इतका जड की सहकारी त्याला थट्टेने ‘सरांचा वरवंटा’ म्हणत. पुढे डिजिटल एसएलआर आला, पण त्याच्या लांबलचक लेन्समुळे ओझे काही कमी झाले नाही. अखेर मानेनेच असहकार पुकारला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, “सर, एक तर हे ओझे उतरवा, नाही तर गळ्यात पट्टा घाला.” पट्टा घालून प्रार्थनेला उभे राहण्यापेक्षा कॅमेरा बदललेला बरा, असा विचार करून मी तळहातावर मावेल असा एक छोटा कॅमेरा घेतला. त्याचा मागचा पडदा वर उचलता येतो. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला न लावता, अगदी गुडघ्यापाशी धरूनही चित्र दिसते.

ही खरेदीची हकिकत सांगण्याचे कारण वेगळे आहे. कॅमेरा हलका झाला आणि माझ्या छायाचित्रांतली माणसे बदलली. जड कॅमेरा डोळ्याशी नेला की समोरचा माणूस आपोआप ताठ होतो, पदर सावरतो, शर्टाचे वरचे बटण लावतो. छोटा कॅमेरा पोटाशी धरला तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि हात सैल सोडला तर तो कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. पहिल्या महिन्यातच गल्लीतली कुत्री, दारातल्या शेळ्या, गोठ्यातल्या म्हशी आणि त्यांची माणसे माझ्या चित्रांत गर्दी करू लागली. हा नवा छंद पाहून पुण्याच्या भाच्याने मला एक जाडजूड पुस्तक आणून दिले. एलियट एर्विट या अमेरिकन छायाचित्रकाराचे ‘डॉग डॉग्ज’. १९९८ साली निघालेल्या या पुस्तकात सगळी कुत्री, आणि कुत्र्यांच्या आसपासची माणसे.

मी मराठीचा शिक्षक. चित्रकलेचे वा छायाचित्रकलेचे रीतसर शिक्षण मला नाही. पण कवितेसमोर बसावे तसा मी या पुस्तकासमोर वर्षभर बसलो. पुष्कळ हसलो. शेवटी मात्र एका प्रश्नापाशी अडलो, आणि तो प्रश्न माझ्यापुढे टाकला आमच्या तालुक्यातल्या एका आजींनी. त्या प्रश्नाची वाट शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

० ० ०

एर्विट यांनी काय केले हे कळायचे तर त्याआधी काय होते ते आठवले पाहिजे. इंदूर आणि हैदराबादच्या वाचकांना राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव नव्याने सांगायला नको. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारा हा माणूस छायाचित्रणाकडे वळला आणि पुढे सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. त्यांच्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिला तिपाई, आत काचेची प्लेट. अशा कॅमेऱ्यासमोर माणसाला ‘हलू नका’ म्हणता येते. जनावराला कोण सांगणार? कुत्र्याने शेपूट हलवली की तेवढ्या जागी चित्रात धुके. म्हणून त्या जमान्याच्या चित्रांत जनावर बहुधा तीन तऱ्हांनी येते : बांधलेले, कोणीतरी धरलेले किंवा मेलेले. लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचे निजामाच्या राज्यातले १९०२ सालचे शिकारीचे चित्र प्रसिद्ध आहे. साहेब आणि मडमेच्या पुढ्यात मारलेला वाघ पडला आहे. त्या चित्रात सर्वांत आज्ञाधारकपणे कोण स्थिर राहिले असेल, तर तो वाघ! चित्र उत्कृष्ट आहे, दीनदयाळांच्या कसबाविषयी वादच नाही. पण जड यंत्राला स्थिर जनावर लागते आणि स्थिर जनावर म्हणजे ताब्यातले जनावर, हे त्या चित्राच्या रचनेतच लिहिलेले आहे.

हे बदलले ते एका दमेकऱ्यामुळे. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्स यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दम्याचा विकार. प्लेटांचा मोठा कॅमेरा घेऊन हिंडणे त्याच्या छातीला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा १९१४ च्या सुमारास तयार केला. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात तो ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. बार्नाकच्या दम्याने एका कलेची दिशा बदलली. माझ्या मानदुखीने तसे काही होणार नाही हे उघड आहे. पण वाचल्यावर थोडा धीर आला, हे कबूल करतो.

० ० ०

लायका हाच एर्विट यांचा आवडता कॅमेरा. त्यांचा जन्म १९२८ साली पॅरिसमध्ये झाला. आईवडील रशियन ज्यू. बालपण इटलीत, मिलान शहरात गेले. १९३९ साली, युद्ध तोंडावर असताना, कुटुंब अमेरिकेला पोचले. म्हणजे लहानपणीच दोन-तीन भाषांमधून वाहत आलेले हे मूल. आपल्या सीमाभागातल्या मुलांसारखेच म्हणा ना. घरात एक बोली, रस्त्यावर दुसरी, शाळेत तिसरी असली की मूल बोलण्याआधी बघायला शिकते, हा माझा शिक्षक म्हणून अनुभव आहे. १९५३ साली रॉबर्ट कापा यांनी त्यांना मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेत घेतले. १९५९ साली मॉस्कोत निक्सन आणि ख्रुश्चेव यांची जुंपली तो क्षण आणि १९६३ साली केनेडींच्या अंत्यविधीच्या वेळचा जॅकलीन यांचा चेहरा, ही त्यांची चित्रे जगाला ठाऊक आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पंचाण्णवाव्या वर्षी वारले.

असा हा इतिहासाच्या ऐन जागी उभा राहिलेला माणूस जन्मभर कुत्र्यांचीही चित्रे काढत राहिला. १९७४ साली त्यांनी कुत्र्यांचे पहिले पुस्तक काढले. त्याचे नाव मुलांसमोर उच्चारता येऊ नये असे आहे. त्याला प्रस्तावना मात्र पी. जी. वुडहाउस यांची! पु. लं.चे ‘पाळीव प्राणी’ ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना हे नाते लगेच उमगेल. विनोद कुत्र्याचा नसतो, तो कुत्र्याच्या मालकाचा असतो.

१९४६ चे न्यूयॉर्कमधले एक चित्र पाहा. विणलेला स्वेटर घातलेले एक पिटुकले कुत्रे जमिनीवर उभे आहे. त्याच्या शेजारी एका बाईची सँडल घातलेली पावले आणि कपड्याचा घेर. बाई तेवढीच. एर्विट तेव्हा अठराच्या आसपासचे होते, पण त्या चित्रात त्यांची पुढची साठ वर्षे आहेत. कॅमेरा फुटपाथला टेकला आहे. कुत्र्याच्या जगात माणूस म्हणजे पाऊल, हे त्यांनी एका शब्दाविना सांगितले.

सर्वांत गाजलेले चित्र १९७४ चे. त्याला ‘फेलिक्स, ग्लॅडिस आणि रोव्हर’ या नावाने ओळखतात. चौकटीत तीन जोड्या. एक लहानसे, टोपी घातलेले कुत्रे. उंच बूट घातलेल्या एका स्त्रीचे पाय. आणि आणखी दोन लांबसडक पाय. हे तिसरे पाय कोणाचे, म्हणून आपण क्षणभर थबकतो आणि मग लक्षात येते की ते एका भल्यामोठ्या कुत्र्याचे पुढचे पाय आहेत, वरचा कुत्रा चौकटीबाहेर राहिला आहे. चित्र बुटांच्या जाहिरातीसाठी घेतलेले. म्हणजे मांडणी आहे, अकस्मात सापडलेला क्षण नाही. तरी हसू खरे येते. कारण इथे छोट्याला पूर्ण रूप मिळाले आहे आणि मोठ्यांना, माणूस असो वा कुत्रा, गुडघ्याशी छाटले आहे. नेहमीच्या कौटुंबिक छायाचित्रात याच्या उलट घडते. तिथे कर्त्या पुरुषाचे डोके कापले जाऊ नये म्हणून कडेला बसलेल्या मांजराचे अर्धे अंग खुशाल कापतात.

तिसरे चित्र न्यूयॉर्कचेच, २००० सालचे. घराच्या पायरीवर एक माणूस बसला आहे. त्याच्या मांडीवरच्या बुलडॉगचे डोके नेमके माणसाच्या चेहऱ्याआड आले आहे. म्हणजे पाय माणसाचे आणि मुंडके कुत्र्याचे. हे केवळ नजरेचे खेळणे नव्हे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या माणसाचे आणि जनावराचे चेहरे एकमेकांसारखे होत जातात, असे आपल्याकडेही म्हणतात. त्या म्हणण्याचे हे चित्र आहे.

एर्विट रस्त्यात कुत्र्यांवर चक्क भुंकत किंवा हॉर्न वाजवत, आणि कुत्रे दचकून वळले की खटका दाबत. तिपाई घेऊन फिरणाऱ्याला हे शक्य नव्हते. त्यांच्या विनोदाचा निम्मा भाग त्यांच्या नजरेचा आहे, पण उरलेला निम्मा त्या हलक्या यंत्राचा आहे, असे मला वाटते.

० ० ०

इथे कोणी म्हणेल की हलका कॅमेरा घेतला म्हणजे जनावरांशी न्याय झाला, इतके हे सोपे आहे काय? नाही. याला एक ठळक अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

विल्यम वेगमन हे अमेरिकेतलेच, १९४३ साली जन्मलेले चित्रकार. १९७० साली त्यांनी राखाडी रंगाचे वायमरानर जातीचे कुत्रे पाळले आणि त्याचे नाव एका प्रसिद्ध कलावंतावरून ‘मॅन रे’ ठेवले. आरंभी त्यांनी साध्या कॅमेऱ्याने आणि व्हिडिओवर त्याची चित्रे घेतली. पुढे पोलरॉइड कंपनीचा एक अजस्र कॅमेरा त्यांना वापरायला मिळाला. वजन २३५ पौंड, म्हणजे शंभर किलोंच्या वर! त्यातून २० इंच बाय २४ इंचांचे चित्र थेट बाहेर पडे. हा कॅमेरा कुत्र्याकडे जाणे शक्य नव्हते. कुत्र्यालाच कॅमेऱ्याकडे यावे लागे. मॅन रे येई, आणि बसे. १९८२ च्या एका चित्रात त्याच्या अंगावर वरून पिठाचा पाऊस पडतो आहे आणि तो ध्यानस्थ बसल्यासारखा स्थिर आहे. त्याच वर्षी तो मेला. हे ठाऊक झाल्यावर त्या पिठाकडे पहिल्यासारखे बघवत नाही.

दीनदयाळांच्या काळचे स्थिर जनावर ताब्यातले होते. वेगमन यांचे स्थिर जनावर भागीदार आहे. तेव्हा वजन हा मुद्दा खराच, पण अखेरचा नव्हे. अखेरचा मुद्दा असा की, चित्र कोणाच्या संमतीने आणि कोणासाठी काढले जाते? हलक्या कॅमेऱ्याचा एक धोका याच ठिकाणी आहे. तो इतक्या सहज काम करतो की विचारण्याचे राहूनच जाते. माझेही राहिले.

० ० ०

नववीतला एक मुलगा शाळेत येईनासा झाला, म्हणून मी त्याच्या गावी गेलो. घरात मुलाची आजी आणि ‘मोत्या’ नावाचे पांढरे-तांबडे गावठी कुत्रे. सून कन्नड घरातली. त्यामुळे मोत्याला ‘ये’ही कळे आणि ‘बा इल्ली’ही कळे. मुलाची वाट पाहत अंगणात बसलो असताना मी छोटा कॅमेरा खाली सोडला आणि एक चित्र घेतले. नऊवारीचा काठ, भेगा पडलेली दोन पावले, आणि त्या पावलांमागून डोकावणारा मोत्या. घरी येऊन ते मोठे करून पाहिले आणि माझे मलाच वाटले की, वा, हा तर आपल्या मातीतला एर्विट!

आठवड्याने मुलाच्या निमित्ताने पुन्हा गेलो तेव्हा त्याची प्रत आजींना दिली. त्यांनी चष्मा लावला. चित्र जवळ धरले, लांब धरले. मग म्हणाल्या, “मोत्या ब्येस आलाय की. पण सर, माझं तोंड कुठं गेलं वो?”

मी हसलो आणि समजावू लागलो की चित्र मुद्दाम असे घेतले आहे, मोत्याला तुम्ही जशा दिसता तसे. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, “पाय काय, सगळ्यांचे सारकेच की.”

एर्विट यांच्या पुस्तकावर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की त्या घरात आजींचे छायाचित्र होते ते एकच, आधार कार्डावरचे. लग्नात त्यांचा फोटो निघाला नव्हता. पुढे लेकीच्या लग्नात गर्दीत कुठेतरी मागे त्यांचे कपाळ आले होते.

न्यूयॉर्कच्या त्या बूटवाल्या स्त्रीला गुडघ्याशी छाटले तर तिचे काही बिघडत नाही. त्या शहरात चेहऱ्यांची चित्रे भिंतीभिंतीवर आहेत. चेहरा न दाखवणे हा तिथे ताजेपणा आहे, एक सुटका आहे. पण जिचा चेहरा कोणी कधी पाहण्यासारखा मानलाच नाही, तिला गुडघ्याशी छाटणे हा विनोद राहत नाही. ती जुनीच गोष्ट पुन्हा एकदा होते. तंत्र तेच, उंची तीच, अर्थ उलटा. कलेतल्या युक्तीला गाव असते. ती उचलून दुसऱ्या गावी नेताना तिचा अर्थ वाटेत सांडतो. हा दोष एर्विट यांचा म्हणता येणार नाही, तो माझ्या अनुकरणाचा. परंतु एवढे म्हणायला हरकत नाही की त्यांची सर्वांत गाजलेली चित्रे ही त्यांची सर्वांत मोठी चित्रे नव्हेत. ज्याने १९५० साली उत्तर कॅरोलिनात गोऱ्यांचा आणि काळ्यांचा असे दोन वेगवेगळे पाण्याचे नळ एकाच चौकटीत दाखवले, त्याला चेहरा कधी दाखवायचा हे नक्कीच कळत होते.

० ० ०

मग त्यांचे मोठे चित्र कोणते? माझ्या मते ज्यात कुत्रे नाहीच ते. १९५३ साली न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या घरी त्यांनी ते घेतले. पलंगावर त्यांची पत्नी कुशीवर पडून तान्ह्या मुलीकडे पाहते आहे. खिडकीतून उजेड येतो आहे. आणि पलंगावरच बसलेले घरचे मांजर त्या दोघींना निरखते आहे. एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे ५०३ छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले, त्यातही हे चित्र होते.

या चित्रात युक्ती काहीच नाही. कोणाला कापलेले नाही. हसूही येत नाही. पण पलंग नावाच्या त्या एकाच पातळीवर आई, मूल आणि जनावर तिघेही आहेत. मांजर सजावटीला ठेवलेले नाही, कोणी धरलेले नाही. घरात नवीन कोण आले हे ते आपल्या बुद्धीने समजून घेते आहे. आईचे लक्ष मुलीकडे, मांजराचे दोघींकडे, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाचे तिघांकडे. छायाचित्रकार इथे रस्त्यावरचा गमत्या नाही, घरातला माणूस आहे. कॅमेरा छोटा म्हणूनच तो त्या खोलीत कोणाची झोप न मोडता वावरू शकला. हलकेपणाचे खरे सार्थक मला इथे दिसते. जनावराच्या उंचीवर उतरायचे ते माणसाला छाटण्यासाठी नव्हे. दोघांना एका उंचीवर आणण्यासाठी.

हे चित्र पाहिल्यावर मी पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी विचारून गेलो. आजी ठेवणीतले लुगडे नेसून कट्ट्यावर बसल्या. मी खाली मातीत बसलो, त्यामुळे कट्ट्यावर चढून बसलेला मोत्या आणि आजी दोघांचेही डोळे कॅमेऱ्याच्या समोर आले. आजींनी डावा हात मोत्याच्या मानेवर ठेवला. ऐन वेळी त्याने जांभई दिली आणि आजी हसल्या. तेच चित्र ठेवले. चांगले असे नव्हे, मोत्याचा जबडा थोडा पुसट आला आहे. पण आजींनी या वेळी काही विचारले नाही. चित्र पदराने पुसून देवाच्या कोनाड्यात ठेवले. मुलगाही यथावकाश शाळेत येऊ लागला, हे आपले जाता जाता.

गेल्या पावसाळ्यात आजी गेल्या. दिवसांसाठी फोटो हवा म्हणून मुलगा माझ्याकडून ते चित्र घेऊन गेला. बाराव्याला गेलो तेव्हा भिंतीवर चौकट लागली होती, हार घातला होता. स्टुडिओवाल्याने रिवाजाप्रमाणे मागे निळा रंग भरला होता आणि मोत्याला काढून टाकले होते. देवाघरी गेलेल्या माणसाशेजारी कुत्रे बरे दिसत नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. मी त्यात काय बोलणार? आधी मी आजींचा चेहरा कापला होता, आता त्यांनी मोत्या कापला. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते.

मात्र एक गोष्ट कापता आलेली नाही. त्या चौकटीत आजींचा डावा हात किंचित वर उचललेला आहे आणि कडेपाशी जाऊन संपतो. तो कशावर तरी ठेवलेला आहे हे दिसते. कशावर, ते दिसत नाही. आजींच्या चेहऱ्यावर जे हसू आहे त्याचेही कारण आता चित्रात उरलेले नाही.

निघताना मी मुलाच्या हातात मूळ, न कापलेल्या चित्राची एक प्रत दिली. त्याने ती इतिहासाच्या पुस्तकात ठेवली. मोत्या उंबऱ्याबाहेर बसला होता. त्याला मी मराठीत हाक मारली, त्याने नुसतेच डोळे उघडून पाहिले. कॅमेरा खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही.